विणलेले घर आणि कुरतडलेले घर

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखून दिलेली आहे, आणि त्या सीमेच्या अलीकडे, अंबड तालुक्यात, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढलेली अंकुशनगर ही वसाहत आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी डाव्या कालव्याने या बाजूस खेळू लागले, तेव्हापासून जेथे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, बाजरी आणि कापूस हीच पिके महसुली दप्तरात नोंदली जात, तेथे उसाने आपला अंमल बसविला. बांधांवरच्या बाभळी मात्र राहिल्या, जुन्या विहिरी राहिल्या. आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारखान्याच्या, शाळेच्या वा कचेरीच्या आवारात हमखास आढळणाऱ्या, ज्यांना आपण सर्रास ‘अशोक’ म्हणतो परंतु जे वस्तुतः आसुपालव होत, अशा सरळसोट उंच झाडांच्या रांगा कालांतराने उभ्या राहिल्या. ऊस, बाभूळ, विहीर आणि आसुपालव एवढी सामग्री ज्या मुलखात एकत्र नांदते, तेथे दोन अशा जीवांचा संसार चालतो, की ज्यांची तुलना करण्याचे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. एक दिवसाचा, दुसरा रात्रीचा. एकाला कवींनी डोक्यावर घेतले आहे, दुसऱ्याच्या नुसत्या सावलीनेही घरातली माणसे दचकतात. पहिला सुगरण पक्षी. दुसरे आखूड नाकाचे फळवटवाघूळ.

या दोघांचे समान पूर्वज शोधावयाचे तर 30 कोटींहून अधिक वर्षे मागे जावे लागते, इतके त्यांचे नाते दूरचे. तरीही, ज्याला गृहस्थाश्रमाची पूर्वतयारी म्हणता येईल अशा एका बाबतीत, दोघांनी परस्परांच्या नकळत एकच मार्ग धरलेला आहे. दोघांतही घर बांधतो तो नर, बांधतो ते मादीच्या पसंतीसाठी, आणि ज्याचे घर पसंतीस उतरत नाही त्याचा वंश त्या ऋतूपुरता तरी खुंटतो. घर म्हणजे ऊन, वारा, पाऊस यांपासूनचा आडोसा ही आपली समजूत खोटी नाही, पण या दोन प्राण्यांच्या बाबतीत ती अपुरी आहे. त्यांचे घर हा आडोसा असण्याच्या आधी एक अर्ज असतो, आणि त्यावरचा शेरा मादी मारते.

सुगरण ही आकाराने चिमणीएवढी, सुमारे 15 सेंटिमीटर लांबीची. हिवाळ्यात नर आणि मादी दोघेही मळकट तपकिरी असतात व चिमण्यांच्या थव्यातून त्यांना वेगळे काढणे जड जाते. पण मृगाचा पाऊस पडला की नराच्या माथ्यावर आणि छातीवर झगझगीत पिवळा रंग चढतो. पक्षिशास्त्रात त्याची गणना गायक पक्ष्यांच्या विशाल गोत्रात होते, ती मात्र कंठातील स्वरयंत्राच्या व स्नायूंच्या रचनेवरून. गाण्याच्या माधुर्यावरून ती ठरवावयाची असती, तर सुगरणीला त्या पंक्तीत पाट मिळाला नसता, कारण तिचे गाणे म्हणजे चिट्-चिट् अशी अखंड कुरकुर आणि तिच्या शेवटी दम लागल्यासारखा एक लांबलेला सूर, जो वसाहतीतले सारे नर एकदम काढतात. कौशल्य आहे ते चोचीत. उसाच्या, भाताच्या, शिंदीच्या किंवा उंच गवताच्या पात्याच्या कडेला नर चोचीने एक खाच पाडतो, तो काठ चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. त्याच्या उड्डाणाच्या जोरानेच पात्याची 20 ते 60 सेंटिमीटर लांबीची बारीक चिरफळी सुटून येते. अशा चिरफळ्या आणण्यासाठी एका खोप्यामागे त्याला 500 पर्यंत खेपा कराव्या लागतात. ज्या मुलखात पावसाळाभर ऊस हिरवागार उभा असतो, तेथे हा कच्चा माल शेताच्या बांधावरच मिळतो, आणि शेतकऱ्याच्या पिकाला त्या चिरफळ्यांनी तोशीस लागत नाही.

पहिल्या चिरफळ्या तो फांदीच्या टोकाला गुंडाळून गाठ मारतो, मग खाली एक कडे विणतो, आणि त्या कड्यात स्वतः बसून, एकीकडे चोच पोहोचेल तितके पुढे आणि दुसरीकडे मान वळेल तितके मागे, असे विणीत जातो. म्हणजे खोप्याचे माप हे त्याच्या स्वतःच्या देहाचे माप असते. सुमारे आठ दिवसांत शिरस्त्राणाच्या आकाराचा, खालून उघडा असा अर्धवट खोपा तयार होतो, आणि येथे काम थांबते. ते अशक्तपणामुळे थांबत नाही. पुढचा खर्च मंजूर झाल्याखेरीज करावयाचा नाही, असा या पक्ष्याचा रिवाज आहे. नर त्या अपुऱ्या खोप्याला उलटा लोंबकळतो, पंख फडफडवतो, आणि माद्यांचा घोळका वसाहतीत शिरला की सगळे नर मिळून एकच कल्लोळ करतात. मादी येते, आत बसून पाहते, चिरफळ्या ओढून पाहते, आणि बहुधा काही न बोलता दुसऱ्याच्या खोप्याकडे निघून जाते. तिची पसंती मिळाली तरच नर अंड्यांची खोली पुरी करतो व खाली लांब नळी विणून प्रवेशमार्ग तयार करतो. सारे काम सुमारे अठरा दिवसांचे. आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे लिंपलेले असतात. त्या मातीत काजवा रोवून सुगरण रात्री दिवा लावते, ही आजीच्या तोंडची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वाऱ्याच्या झोतात खोपा फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, हा अभ्यासकांचा तर्क तितका मनोहर नाही, पण अधिक संभाव्य आहे.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. सुहेल क्वादर यांनी सुगरणीच्या माद्यांच्या निवडीचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की विणकामाच्या सुबकतेपेक्षा खोप्याची जागा मादीला अधिक महत्त्वाची वाटते: झाड काटेरी आहे काय, खोपा पुरेसा उंच आहे काय, फांदी भक्कम आहे काय. ज्या कारागिरीने शतकानुशतके माणसांना भुरळ घातली, ती कारागिरी जिच्यासाठी केली जाते तिच्या लेखी दुय्यम ठरावी, हे वाचून मला त्या नराची थोडी कणव आली. परंतु अंडी आणि पिल्ले यांचा भार ज्या मादीवर पडणार, तिने नक्षीपेक्षा सापाची व कावळ्याची येण्याची वाट आधी तपासावी, यात अव्यवहारी असे काहीच नाही. विहिरीवर झुकलेली बाभूळ सुगरणींना का प्रिय असते, याचा उलगडाही यातच आहे. बहुधा झाडाची पूर्वेकडची बाजू निवडली जाते, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस बुंध्याच्या पलीकडे अडतो.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा खोपा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला आणि तो मातेच्या वात्सल्याचे प्रतीक ठरला; काव्याला तसे करण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या खोप्याच्या आत प्रत्यक्ष काय चालते याचा छडा मात्र आपल्याच कोकणकिनाऱ्यावर लागला. 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीत एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशांच्या अभावी रद्द झालेली होती आणि विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी नोकरीचे दारही बंद होते. सबब ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिले, आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीवर पावसाळाभर नजर ठेवून बसले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने असे सिद्ध केले की एक मादी अंड्यांवर बसली की नर तिच्या संसारातून अंग काढून घेतो, जवळच दुसरा खोपा बांधावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची मनधरणी सुरू करतो. ऋतू अनुकूल असेल तर तिसऱ्या मादीचीही. दोन ते चार अंडी उबविणे आणि पिल्ले उडती होईपर्यंतचा मुख्य भार वाहणे, हे सारे मादीच्या वाट्याला. बेकारीच्या दिवसांत झालेले हे काम भारतीय पक्षिशास्त्रात आजही आधाराला घेतले जाते.

आता वाघळाकडे वळू. वटवाघूळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वडापिंपळाला शेकडोंनी लटकलेली मोठी काळी वाघळे येतात. हे ते नव्हे. आखूड नाकाचे फळवटवाघूळ मुठीत मावेल एवढे, पंख पसरले तर जेमतेम दीड फूट भरेल असे, तपकिरी अंगाचे आणि कुत्र्याच्या पिलासारख्या मुद्रेचे असते. कानांना पांढरी किनार, आणि काळसर पंखांवर फिकट दिसणारी बोटे. प्रौढ नराच्या गळ्याभोवती व मानेवर नारिंगी-तांबूस झाक असते, म्हणजे पिवळ्या माथ्याच्या सुगरणीशी साम्य येथूनच सुरू होते. 1797 साली मार्टिन व्हाल या शास्त्रज्ञाने तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या नमुन्यावरून या जातीला शास्त्रीय नाव दिले. आपल्या घरांच्या वळचणीत राहणाऱ्या कीटकभक्षी पाकोळ्यांप्रमाणे हे वाघूळ अंधारात सूक्ष्म आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर चालत नाही. मोठे डोळे आणि तीक्ष्ण नाक यांवरच त्याची भिस्त असते, आणि पिकलेल्या पेरूचा वास त्याला अंधारातही नेमका झाडापर्यंत नेतो.

याच्या घराची हकिकत पुण्यात उजेडात आली. शहरातील जुन्या बागांतून आणि बंगल्यांच्या आवारांतून भेरली माड शोभेसाठी लावलेला आढळतो, आणि त्याच्या फळांचे लांब घोस अनेक सरांनी खाली सोडलेले असतात. प्राणिशास्त्रज्ञ एच. आर. भट आणि अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाचे टॉमस कुन्झ यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले की फळवटवाघळाचा नर या घोसाच्या मधल्या सरी दातांनी कुरतडून पाडतो, बाहेरच्या तेवढ्या राखतो, आणि अशा रीतीने चहूबाजूंनी झाकलेली, खालून उघडी असलेली घंटेच्या आकाराची पोकळी तयार करतो. शास्त्रज्ञ या निवाऱ्याला तंबू म्हणतात. त्याच वर्षी दक्षिण तामिळनाडूतून बालसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेलींच्या जाळ्यांत आणि आसुपालवाच्या खाली वळलेल्या फांद्यांत असेच तंबू केले जात असल्याचे नोंदविले. तेथेही आतल्या देठांना आणि डहाळ्यांना चावे घेऊन जागा मोकळी केलेली असते. एका तंबूसाठी नराला कित्येक रात्री खपावे लागते.

सुगरणीचा नर रिकाम्या हवेत एकेक चिरफळी जोडीत घर उभे करतो. वाघळाचा नर भरगच्च पानोळ्यातून एकेक देठ वजा करीत घर मोकळे करतो. एकाजवळ सामान आहे पण जागा नाही, दुसऱ्याजवळ जागा आहे पण तीत अडगळ आहे. दोघांच्या घरांचा शेवटचा आकार मात्र विलक्षण सारखा, म्हणजे वरून बंद व खालून उघडा. कारण पाऊस वरून येतो, शिकारी पक्ष्याची नजर बाजूने येते, आणि उडणाऱ्याला खालून निसटण्यासारखी सोय दुसरी नाही. माणसाने तळघरे आणि तटबंद्या बांधल्या त्या जमिनीवर वावरणाऱ्याच्या बुद्धीने.

साम्य येथे संपते आणि स्वभावभेद सुरू होतो, व मला तरी हा भेद त्या साम्याहून अधिक रसभरित वाटतो. सुगरणीचा नर घर मादीच्या स्वाधीन करून मोकळा होतो. वाघळाचा नर घराचा ताबा सोडीत नाही. एक नर आणि त्याच्या भोवती दाटीने लटकलेल्या अनेक माद्या, अशी वस्ती त्या तंबूत असते, आणि बेदखल होण्याच्या धास्तीने तो रात्रीदेखील वारंवार तेथे परततो. पुण्यातील या वस्त्यांचा जे स्टॉर्झ, भट आणि कुन्झ यांनी पुढे आनुवंशिक चाचण्यांनिशी अभ्यास केला, तेव्हा इतका पहारा ठेवूनही तंबूतल्या सर्वच पिल्लांचे पितृत्व तंबूच्या मालकाकडे जात नाही असे निष्पन्न झाले. सुगरणींत अनेक घरे बांधून अनेक संसार क्रमाने मांडावयाचे, वाघळांत एकच घर राखून अनेक संसार एकाच छपराखाली आणावयाचे, असे हे दोन प्रघात. दोहोंतही पुष्कळ नर अविवाहित राहतात, कारण ज्यांना मिळते त्यांना एकाहून अधिक मिळते.

मादीच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी निराळा दिसतो. सुगरणीच्या मादीला घराची गरज खरोखरीची आहे: अंडे घेऊन उडता येत नाही, सबब ते कोठे तरी ठेवलेच पाहिजे, पंधरवडाभर उबविले पाहिजे, आणि पिल्ले आणखी सुमारे 17 दिवस खोप्यात सुरक्षित राहिली पाहिजेत. वाघळाची मादी गर्भ सुमारे चार महिने पोटात वागविते, एका वेळी एकच पिल्लू प्रसवते, त्याला दूध पाजते आणि लहान असताना छातीला बिलगवून उडू शकते. तिला घर नको असे नव्हे, पण तिचे पाळणाघर तिच्या अंगावरच असते. पुण्याकडे ही वाघळे वर्षातून दोनदा वितात, एकदा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पुन्हा जून-जुलैत; सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्यापुरता. त्यामुळे सुगरणीचा खोपा एका संसारानंतर बहुधा मोडीत निघतो, तर वाघळाचा तंबू टिकेल तितके दिवस वहिवाटीत राहतो.

पंखांविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. पक्ष्याचा पंख म्हणजे पिसांनी मढविलेला हात. त्यातली बोटे आखडून जवळजवळ नाहीशी झालेली असतात. वाघळाचा पंख म्हणजे वाढलेली बोटे आणि त्यांच्यामध्ये ताणलेले कातडे, ज्यातून अंगठा मोकळा राहतो आणि तो फळ धरण्यास, लटकण्यास, अंग खाजविण्यास उपयोगी पडतो. कातड्याचा पंख फाटला तर हळूहळू भरून येतो. पीस तुटले तर पुढच्या झडीपर्यंत वाट पाहावी लागते.

माणसाने या दोघांना दिलेल्या वागणुकीत मात्र न्यायबुद्धी दिसत नाही. सुगरण बाजरीच्या आणि ज्वारीच्या कणसांवर उतरते, आणि माळ्यावर बसून गोफण फिरविणारे राखणदार तिच्यासाठीही नेमावे लागतात. तरी तिच्याविषयी आकस नाही. अकबराच्या काळापासून मदारी लोक तिला नाणी उचलण्याचे, मणी ओवण्याचे खेळ शिकवीत आले, आणि तिच्या रिकाम्या खोप्यांना दिवाणखान्यात मान मिळाला. वाघूळ पेरू, चिकू, द्राक्षे खाते. जालना तालुक्यातील कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावी त्याचे कौतुक कोणी करावे अशी अपेक्षा नाही. पण ते वड, उंबर, पिंपळ यांचे बी दूरवर टाकते आणि रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीकरण करते, ही जमेची बाजू वहीत मांडण्याचे आपण टाळले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळवटवाघळांना कावळे आणि उंदीर यांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसविले; म्हणजे त्यांना मारण्यास परवान्याचीही गरज उरली नाही. ती अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने रद्द झाली व 1 एप्रिल 2023 पासून हा बदल अमलात आला. पन्नास वर्षांच्या या कलंकाचे कारण शेतकऱ्याच्या नुकसानीइतकेच त्या प्राण्याच्या उलट्या लटकण्यात आणि अंधारात फिरण्यात होते, असे माझे मत आहे.

त्याच 1972 साली आणखी एक गोष्ट घडली. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एक वाघूळ पडून होते; 1948 साली अँगस हटन यांनी ते मदुराईच्या पश्चिमेकडील हाय वेव्ही डोंगरांत पकडले होते आणि त्यावर आपल्या याच आखूड नाकाच्या फळवटवाघळाच्या नावाची चिठ्ठी लागलेली होती. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांनी दात आणि कवटी तपासून ती चिठ्ठी चुकीची ठरविली. जात तर निराळी होतीच, प्रजातीही नवीन होती. तिला त्यांनी नाव दिले ते किहीमला सुगरणींवर नजर ठेवून बसलेल्या सालिम अलींचे. ज्या वर्षी कायद्याने फळवटवाघळांना उंदरांच्या पंक्तीला बसविले, त्याच वर्षी एका फळवटवाघळाने देशातल्या सर्वांत नामांकित पक्षिशास्त्रज्ञाचे नाव धारण केले. आणि पुढे ती एवढी दुर्मीळ जात मात्र पहिल्या अनुसूचीत, वाघसिंहांच्या शेजारी गेली.

ज्याला हे दोन्ही संसार प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्याने उसाच्या मुलखात दोनदा जावे. पहिली फेरी श्रावणात, विणकाम ऐन भरात असताना. दुसरी दिवाळी उलटून गळीत हंगाम सुरू झाल्यावर, ऊसतोडीच्या टोळ्या दाखल होऊन पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात तेव्हा. त्या वेळी विहिरीवरच्या बाभळीची पाने विरळ असतात आणि वाळलेले खोपे मोजता येतात. नळी असलेले किती आणि शिरस्त्राणाच्या अवस्थेतच सोडून दिलेले किती, हे पाहिले की त्या वर्षी किती अर्ज मंजूर झाले आणि किती फेटाळले गेले याची यादी हातात येते. वाघळाच्या तंबूसाठी एवढ्या खटपटीची गरज नाही. सकाळी आसुपालवाच्या किंवा भेरली माडाच्या बुंध्याशी चावून रस पिळून टाकलेल्या फळांचा चोथा, अर्धवट बिया आणि कुरतडलेले देठ पडलेले दिसले, की तेथेच थांबून सावकाश मान वर करावी. मात्र वर पाहताना तोंड मिटलेले ठेवणे श्रेयस्कर.